फाइलींचे विस्तारित गुणधर्म आणि कमांड लाइनवरील साधने : सीमाभागातील बहुभाषिक दस्तऐवजांच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

तलमडुगु हा आदिलाबाद जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचा मंडल आहे. या परिसरातील अनेक घरांत मराठी बोलली जाते, सरकारी कामकाज तेलुगूत चालते, हैदराबाद संस्थानाच्या काळातील कागद उर्दूत किंवा मोडीत सापडतात आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये गोंडी व कोलामी ऐकू येते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले, तर याच जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्याला जोडले गेले. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य अस्तित्वात आले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. कागद तोच राहिला. त्याचा जिल्हा, राज्य आणि तो वाचू शकणारी माणसे मात्र बदलत गेली.

असे कागद आता स्कॅन होऊ लागले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीला कुणबी नोंदींच्या शोधात उर्दू व मोडीतील जुने दस्तऐवज पाहावे लागले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. स्कॅन केलेल्या चित्रात अक्षरे दिसतात. परंतु ती कोणत्या लिपीत आहेत, कागद कोणत्या गावचा आहे, कोणी दिला, मूळ प्रत कोठे आहे, हे चित्र स्वतः सांगत नाही. ही माहिती कोठेतरी नोंदवून ठेवावी लागते. ती फाइलीलाच जोडून ठेवण्याची एक सोय आजच्या बहुतेक संगणक प्रणालींमध्ये आहे. तिला ‘विस्तारित गुणधर्म’ म्हणतात.

ही सोय अस्तित्वात असली तरी रोजच्या वापरातील साधने तिला नेहमी सांभाळतातच असे नाही. फाइलीची नक्कल होते, पण तिची माहिती मागे राहते, आणि साधन त्याविषयी एक शब्दही बोलत नाही. प्रस्तुत लेखात विस्तारित गुणधर्म म्हणजे काय, कमांड लाइनवरील कोणती साधने ते सांभाळतात, कोणती गमावतात व का, आणि सामुदायिक महाविद्यालयातील शिक्षकांनी हा विषय वर्गात कसा मांडावा, याचा विचार केला आहे. विवेचन मुख्यतः लिनक्स प्रणालीच्या अनुषंगाने आहे. कमांडची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती लहान रोमन अक्षरांत टंकावीत.

२. विस्तारित गुणधर्म म्हणजे काय?

जुन्या दफ्तरखान्यात कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवत. त्या बांधणीला रुमाल म्हणत आणि रुमालाला वरून एक चिठ्ठी असे. आत काय आहे, कोणत्या परगण्याचे, कोणत्या सालचे, हे चिठ्ठीवरून कळे. चिठ्ठी कागदाचा भाग नसते. ती काढली तरी आतील एकही अक्षर बदलत नाही. मात्र चिठ्ठी हरवली तर योग्य रुमाल शोधण्यासाठी सगळे रुमाल सोडावे लागतात. विस्तारित गुणधर्म ही फाइलीला बाहेरून बांधलेली अशीच चिठ्ठी होय.

प्रत्येक फाइलीसोबत काही ठरावीक माहिती संगणक आपोआप ठेवतो: आकार, मालक, परवानग्या, शेवटच्या बदलाची वेळ. हे नेहमीचे गुणधर्म झाले. त्यांत नवीन रकाना घालण्याची मुभा वापरकर्त्याला नसते. विस्तारित गुणधर्मांत ती असते. प्रत्येक गुणधर्माला एक नाव व एक मूल्य असते, उदाहरणार्थ नाव ‘भाषा’ आणि मूल्य ‘उर्दू’. ही जोडी फाइलीच्या मजकुरात जात नाही. फाइल प्रणाली ती वेगळी सांभाळते.

लिनक्समध्ये या नावांचे चार विभाग आहेत. ‘सिक्युरिटी’ व ‘सिस्टिम’ हे विभाग मुख्यतः सुरक्षाविषयक यंत्रणांसाठी असून परवानग्यांच्या सविस्तर याद्या तेथेच ठेवल्या जातात. ‘ट्रस्टेड’ विभाग केवळ प्रशासकाच्या अधिकारात येतो. चौथा ‘यूजर’ हा विभाग सामान्य वापरकर्त्यासाठी आहे आणि आपल्या कामाचा विभाग हाच. तो साध्या फाइली व फोल्डर यांनाच लागू होतो आणि त्यात लिहिण्यासाठी त्या फाइलीवर लिहिण्याची परवानगी असावी लागते.

गुणधर्मांना कोणती नावे द्यावीत, याविषयीही काही संकेत रूढ झाले आहेत. मुक्त डेस्कटॉप प्रणालींसाठी ठरवलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये टिप्पणीसाठी, फाइल जेथून उतरवली त्या पत्त्यासाठी व मजकुराच्या संकेतनासाठी नावे सुचवली आहेत. त्याशिवाय ग्रंथालयशास्त्रात परिचित असलेली ‘डब्लिन कोअर’ ही पंधरा घटकांची यादी तेथे स्वीकारली आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन येथे झालेल्या कार्यशाळेतून ही यादी पुढे आली. शीर्षक, निर्माता, विषय, दिनांक, भाषा, स्रोत, हक्क हे त्यांपैकी काही घटक होत.

३. थोडा पूर्वेतिहास

१९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स प्रणालीत फाइल म्हणजे बाइटांची एक सलग ओळ, एवढीच साधी कल्पना होती. या साधेपणामुळेच एका कमांडचे उत्तर दुसऱ्या कमांडला ‘पाइप’द्वारे देणे शक्य झाले. शेलची सारी ताकद या कल्पनेत आहे आणि पुढे आलेली अडचणही याच कल्पनेत आहे.

१९८० च्या दशकाअखेरीस ओएस/२ प्रणालीत आणि १९९० च्या दशकात बीओएस व एक्सएफएस यांत फाइलीला जादा माहिती जोडण्याची सोय आली. बीओएसमध्ये तर आलेल्या ईमेलचा विषय व प्रेषक हे गुणधर्म म्हणून ठेवले जात आणि त्यांवरून शोध घेता येई. लिनक्सच्या डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीपासून ही सोय नेहमीच्या वापरात आली. मॅक प्रणालीत ती २००५ मध्ये आली. विंडोजच्या एनटीएफएस फाइल प्रणालीत ‘पर्यायी प्रवाह’ या नावाने मिळतीजुळती रचना आहे. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल उघडताना विंडोज जी सूचना देते, ती २००४ पासून अशाच एका प्रवाहात ठेवलेल्या खुणेवरून देते.

मात्र युनिक्सवर्गीय प्रणालींसाठी असलेल्या ‘पॉझिक्स’ या मानकात विस्तारित गुणधर्मांना आजही स्थान नाही. सोलारिस, फ्रीबीएसडी, मॅक आणि लिनक्स या प्रत्येकाने आपापली पद्धत व आपापल्या कमांड निर्माण केल्या. एका प्रणालीवर शिकलेली कमांड दुसऱ्या प्रणालीवर चालत नाही. या विषयाला पाठ्यपुस्तकांत क्वचितच जागा मिळते, त्याचे हेही एक कारण असावे.

४. मूलभूत कमांड

लिनक्सवर गुणधर्म लिहिण्यासाठी ‘सेटएफअ‍ॅटर’ आणि वाचण्यासाठी ‘गेटएफअ‍ॅटर’ ही कमांड आहे. दोन्ही ‘अ‍ॅटर’ नावाच्या पॅकेजमध्ये येतात. काही संगणकांवर ते वेगळे बसवावे लागते. समजा एखाद्या महाविद्यालयाने गावातील जुन्या कागदांचे स्कॅन केले असून त्यांपैकी एका फाइलीची भाषा नोंदवायची आहे. तेव्हा कमांड अशी होईल:

सेटएफअ‍ॅटर -एन यूजर.डब्लिनकोअर.लँग्वेज -व्ही यूआर नोंद१.टिफ

यात ‘-एन’ नंतर गुणधर्माचे नाव, ‘-व्ही’ नंतर मूल्य आणि शेवटी फाइलीचे नाव येते. ‘यूआर’ हा उर्दूचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मराठीसाठी ‘एमआर’, तेलुगूसाठी ‘टीई’ आणि गोंडीसाठी ‘जीओएन’ वापरतात. नोंदवलेले सर्व गुणधर्म पाहण्यासाठी ‘गेटएफअ‍ॅटर -डी नोंद१.टिफ’ असे टंकावे.

आपल्या भाषांच्या दृष्टीने येथे एक अनुभव विद्यार्थ्यांना हमखास येतो. मूल्य मराठीत लिहिले, उदाहरणार्थ शीर्षक म्हणून ‘पाहणी, तलमडुगु’, आणि मग ‘-डी’ने वाचले, तर पडद्यावर मराठीऐवजी शून्य व ‘एस’ने सुरू होणारी रोमन अक्षरांची अनाकलनीय माळ दिसते. विद्यार्थ्याला वाटते की मजकूर बिघडला. वस्तुतः काहीही बिघडलेले नसते. मूल्यात साध्या रोमन अक्षरांपलीकडचे बाइट बरेच असतील, तर ही कमांड ते ‘बेस६४’ या संकेतनात दाखवते. ‘--ओन्ली-व्हॅल्यूज’ हा पर्याय दिला की मूळ मराठी मजकूर जसाच्या तसा दिसतो.

दुसरी बाब जागेची. लिनक्समध्ये गुणधर्माच्या नावासाठी कमाल २५५ बाइट आणि मूल्यासाठी ६४ किलोबाइट ही वरची मर्यादा आहे. परंतु प्रचलित ईएक्सटी४ फाइल प्रणालीत नेहमीच्या मांडणीनुसार एका फाइलीचे सर्व गुणधर्म मिळून एका ब्लॉकात, म्हणजे बहुधा ४०९६ बाइटांत, बसावे लागतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ संकेतनात देवनागरी व तेलुगूचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, उर्दूचे अक्षर दोन, तर गुंजाळा गोंडी लिपीचे चार. ही लिपी आदिलाबाद जिल्ह्यातीलच गुंजाळा या गावच्या हस्तलिखितांवरून ओळखली जाते आणि २०१८ मध्ये युनिकोडच्या ११.० या आवृत्तीत समाविष्ट झाली. ‘तलमडुगु’ या शब्दात मात्रांसह सात चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. यावरून लक्षात येईल की शीर्षक, गाव, भाषा, स्रोत यांसाठी जागा पुरेशी आहे. मात्र संपूर्ण लिप्यंतर गुणधर्मात कोंबणे योग्य नाही.

५. कोणते साधन काय सांभाळते?

मुख्य प्रश्न येथून सुरू होतो. चिठ्ठी लिहिली, आता फाइल एका जागेहून दुसऱ्या जागी नेली तर काय होते?

(अ) नक्कल : ‘सीपी’ ही नक्कल करण्याची कमांड कोणताही पर्याय न देता वापरली, तर लिनक्सवर विस्तारित गुणधर्म नकलेत येत नाहीत. वेळ व परवानग्या राखणारा ‘-पी’ पर्याय दिला तरी ते येत नाहीत. ‘-ए’ हा पर्याय दिल्यास येतात. जीएनयूच्या साधनसंचात ही सोय २००९ पासून आहे. परंतु ज्या जागी नक्कल करायची ती फाइल प्रणाली गुणधर्म ठेवू शकत नसेल, तर ‘-ए’ पर्याय गुपचूप पुढे जातो आणि काम यशस्वी झाल्याचेच कळवतो. ‘--प्रिझर्व्ह=एक्सअ‍ॅटर’ असे स्पष्ट सांगितले असेल, तर मात्र कमांड त्रुटी दाखवते आणि अपयशाचा संकेत देते. जेथे चिठ्ठी महत्त्वाची आहे तेथे हा दुसरा मार्गच योग्य होय.

(आ) स्थलांतर : ‘एमव्ही’ने त्याच डिस्कवरील दुसऱ्या फोल्डरात फाइल हलवली, तर केवळ नाव बदलते, गुणधर्म सुरक्षित राहतात. वेगळ्या डिस्कवर हलवताना ही कमांड गुणधर्म नेण्याचा प्रयत्न करते. परंतु पेन ड्राइव्हवर सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट ही फाइल प्रणाली असते आणि लिनक्समध्ये तिच्यावर विस्तारित गुणधर्म ठेवता येत नाहीत. अशा वेळी चिठ्ठी जाते, सूचना मिळत नाही आणि मूळ फाइल पुसली गेलेली असते. सर्वांत मोठे नुकसान याच प्रकारात संभवते.

(इ) गठ्ठा बांधणे : ‘टार’ या साधनात २०१३ च्या १.२७ आवृत्तीपासून ‘--एक्सअ‍ॅटर्स’ हा पर्याय आहे. तो गठ्ठा बांधताना आणि सोडताना, दोन्ही वेळा द्यावा लागतो. एका बाजूने विसरला तरी चिठ्ठ्या मिळत नाहीत. सर्वसाधारण वापरातील ‘झिप’ साधन लिनक्सचे हे गुणधर्म ठेवत नाही.

(ई) दूरच्या संगणकावर पाठवणे : ‘आरसिंक’च्या २००८ मधील ३.० आवृत्तीपासून ‘-एक्स’ हा पर्याय, मोठ्या रोमन अक्षरात, उपलब्ध आहे. नेहमी वापरला जाणारा ‘-ए’ पर्याय त्याला सामावून घेत नाही. तो वेगळा द्यावा लागतो. ‘एससीपी’ गुणधर्म नेत नाही. ईमेलला जोडलेल्या फाइलीसोबतही ते जात नाहीत आणि ‘गिट’मध्येही ते नोंदले जात नाहीत. प्रयोगशाळेतील सामायिक डिस्कसाठी वापरल्या जाणाऱ्या एनएफएस या पद्धतीला ही सोय डिसेंबर २०१७ च्या मानकाने मिळाली आणि लिनक्समध्ये ती २०२० मधील ५.९ आवृत्तीत आली.

(उ) दुरुस्ती : शेलमध्ये ‘>’ या चिन्हाने आधीच असलेल्या फाइलीवर मजकूर लिहिला तर जुनी चिठ्ठी तशीच राहते, जरी आतला मजकूर पूर्ण बदलला तरी. नवीन फाइल तयार झाली तर तिला चिठ्ठी नसते. ‘सेड -आय’ ही जागच्या जागी दुरुस्ती करणारी कमांड प्रत्यक्षात नवी फाइल तयार करून तिला जुने नाव देते. त्यामुळे वापरकर्त्याचे गुणधर्म जातात. अनेक संपादकांची जतन करण्याची पद्धत अशीच आहे. ‘विम’ संपादकात ते राखण्याची सोय २०२३ मध्ये आली.

(ऊ) पाहणे व शोधणे : मॅकवर ‘एलएस -एल’च्या यादीत गुणधर्म असलेल्या फाइलीपुढे ‘@’ ही खूण दिसते. जीएनयूच्या ‘एलएस’मध्ये वापरकर्त्याच्या गुणधर्मांसाठी अशी खूण नाही. मॅकच्या ‘फाइंड’मध्ये गुणधर्मावरून शोधण्याची कसोटी आहे, जीएनयूच्या ‘फाइंड’मध्ये ती नाही. शेलपैकी ‘झेड शेल’मध्ये गुणधर्म वाचण्या-लिहिण्यासाठी जोडता येणारा स्वतंत्र विभाग आहे. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ‘बॅश’मध्ये तसे काही नाही, तेथे बाहेरील कमांडवरच अवलंबून राहावे लागते.

या ठिकाणी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नक्कल बरोबर झाली की नाही हे तपासण्यासाठी आपण ‘सीएमपी’ किंवा ‘शा२५६सम’ यांचा आधार घेतो. ही साधने फक्त मजकूर तपासतात. चिठ्ठी असलेली फाइल आणि चिठ्ठी गमावलेली तिची नक्कल यांची तपासणी-बेरीज अगदी सारखी येते. म्हणजे ज्या तपासणीवर आपण विश्वास ठेवतो, तिला हे नुकसान दिसतच नाही.

६. सर्वच साधनांनी गुणधर्म का सांभाळू नयेत?

यावर विद्यार्थी साहजिकच विचारतील की, सर्व साधनांनी आपोआप सर्व गुणधर्म सोबत न्यावेत, असे का ठरवत नाहीत? प्रश्न योग्य आहे, परंतु उत्तर केवळ तांत्रिक नाही.

नकलेच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. मजकूर तोच असेल तर चिठ्ठीही तीच असावी. रूपांतराच्या बाबतीत तसे नाही. आपल्याकडे युनिकोडपूर्व काळात टंकलेला मराठी मजकूर आजही मोठ्या प्रमाणात आहे. काही इस्कीत, म्हणजे १९९१ च्या भारतीय मानकात, आहे. काही श्रीलिपीसारख्या फॉन्ट-आधारित संकेतनांत. उर्दूचा बराच भाग इनपेजमध्ये. अशा मजकुरात कोणते संकेतन आहे हे पुष्कळदा फाइलीवरून कळत नाही. चुकीच्या फॉन्टमध्ये उघडले की निरर्थक अक्षरे दिसतात. म्हणून संकेतनाची चिठ्ठी फार मोलाची. आता असा मजकूर यूटीएफ-८ मध्ये रूपांतरित केला, तर शीर्षक, भाषा व स्रोत हे गुणधर्म खरे राहतात. संकेतनाचा गुणधर्म मात्र त्या क्षणी खोटा ठरतो. साधनाने सर्व चिठ्ठ्या जशाच्या तशा पुढे नेल्या, तर खोटी चिठ्ठीही पुढे जाईल. चिठ्ठी नसण्यापेक्षा खोटी चिठ्ठी अधिक घातक, कारण ती वाचणारा पुन्हा तपासत नाही.

जोडणीच्या बाबतीत प्रश्न आणखी बिकट होतो. ‘कॅट’ने एक मराठी व एक उर्दू फाइल जोडून तिसरी केली, तर तिसरीची भाषा कोणती? मालकी हक्क कोणाचा? हे कोणत्याही कमांडला ठरवता येणार नाही. शिवाय पाइपमधून फक्त बाइट वाहतात. पलीकडच्या कमांडला ते कोणत्या फाइलीतून आले हेच माहीत नसते, मग तिची चिठ्ठी कोठून माहीत असणार?

यावरून एक व्यवहार्य नियम हाती येतो. नक्कल करणाऱ्या साधनाने सर्व चिठ्ठ्या न्याव्यात. रूपांतर करणाऱ्याने काही न्याव्यात व काही नव्याने लिहाव्यात. जोडणी करणाऱ्याने एकही नेऊ नये आणि निर्णय माणसावर सोपवावा. कोणते गुणधर्म नकलेत वगळावेत हे ठरवण्यासाठी लिनक्सच्या ‘अ‍ॅटर’ पॅकेजमध्ये एक मांडणी-फाइलही दिलेली आहे. तात्पर्य, एखादे साधन गुणधर्मांना आधार देते असे म्हणताना, त्या कृतीनंतर कोणती चिठ्ठी खरी राहते याचे उत्तर त्याच्यापाशी असावे लागते. केवळ एक पर्याय वाढवून भागत नाही.

खासगीपणाचाही प्रश्न यात आहे. ‘डब्ल्यूगेट’ हे साधन उतरवलेल्या फाइलीला तिचा इंटरनेट पत्ता गुणधर्म म्हणून जोडत असे. पत्त्यात वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द असल्यास तोही त्यात जाई. हा दोष २०१८ मध्ये लक्षात आला आणि १.२०.१ या आवृत्तीपासून ही नोंद आपोआप करणे थांबवण्यात आले. न दिसणाऱ्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो ती नकळत इतरांच्या हाती देतो. गावकऱ्यांनी विश्वासाने दिलेल्या कागदांबाबत ही काळजी अधिकच घ्यावी लागेल.

७. पर्यायांशी तुलना

माहिती ठेवण्याचे इतरही मार्ग आहेत. पहिला मार्ग फाइलीच्या नावातच सर्व लिहिण्याचा. तो कोठेही टिकतो, पण जागा अपुरी पडते. दुसरा मार्ग चित्राच्या किंवा पीडीएफच्या आतच माहिती भरण्याचा. ती फाइलीबरोबर सर्वत्र जाते, परंतु त्यामुळे फाइलीचे बाइट बदलतात आणि आधी काढलेली तपासणी-बेरीज जुळत नाही. साध्या मजकुराच्या फाइलीत तर अशी जागाच नसते. तिसरा मार्ग स्वतंत्र नोंदवहीचा, म्हणजे फोल्डरात ठेवलेल्या एका यादीचा. ती कोणत्याही साधनाने जाते व कोणालाही वाचता येते. मात्र फाइलीचे नाव बदलले की यादीशी दुवा तुटतो.

विस्तारित गुणधर्म या सर्वांपेक्षा श्रेष्ठ आहेत असा दावा येथे नाही. एका संगणकावर काम चालू असताना त्यांच्याइतकी सोयीची दुसरी जागा नाही, कारण नाव बदलले, फोल्डर बदलले तरी ते फाइलीसोबत राहतात. मात्र फाइल त्या संगणकाबाहेर पडताच ते सर्वांत दुबळे ठरतात. म्हणून काम करताना गुणधर्म आणि जतन करताना नोंदवही, अशी दोहोंची सांगड घालणे श्रेयस्कर.

अशी नोंदवही हाताने लिहावी लागत नाही. संग्रहाच्या फोल्डरात जाऊन पुढील कमांड द्यावी:

गेटएफअ‍ॅटर -आर -डी . > चिठ्ठ्या.टीएक्सटी

यातील ‘-आर’ मोठ्या रोमन अक्षरात आहे. ही कमांड सर्व उपफोल्डरांतील वापरकर्त्याचे गुणधर्म एका साध्या मजकूर-फाइलीत उतरवते. ही फाइल पेन ड्राइव्हवर, झिपमध्ये किंवा ईमेलने, कशीही पाठवता येते. पलीकडच्या संगणकावर त्याच रचनेच्या फोल्डरात ‘सेटएफअ‍ॅटर --रिस्टोअर=चिठ्ठ्या.टीएक्सटी’ असे दिले की सर्व चिठ्ठ्या पुन्हा आपापल्या फाइलींना लागतात. मराठी मूल्ये यादीत बेस६४ रूपात दिसली तरी ती परत लावताना बरोबर उलगडली जातात.

८. वर्गातील उपयोजन

दोन तासिकांत पुढीलप्रमाणे प्रात्यक्षिक घेता येईल.

(१) प्रत्येक गटाने पाच फाइली घ्याव्यात. खऱ्या कागदांऐवजी सरावाची चित्रे वापरावीत. प्रत्येकीला शीर्षक, भाषा व स्रोत हे तीन गुणधर्म लावावेत. किमान एक मूल्य मराठीत व एक तेलुगूत वा उर्दूत असावे.

(२) त्या फाइली सहा मार्गांनी हलवाव्यात: साधी नक्कल, ‘-ए’सह नक्कल, पेन ड्राइव्ह, झिप, पर्यायाविना टार, आणि पर्यायासह टार.

(३) प्रत्येक मार्गानंतर मजकुराची तपासणी-बेरीज आणि गुणधर्मांची यादी या दोन्ही गोष्टी काढाव्यात. गेटएफअ‍ॅटरच्या उत्तरात प्रत्येक फाइलीसाठी ‘#’ने सुरू होणारी एक ओळ असते. अशा ओळी ‘ग्रेप -सी’ने मोजल्या की किती फाइलींच्या चिठ्ठ्या टिकल्या ते लगेच कळते.

(४) फळ्यावर तक्ता मांडावा. एका रकान्यात ‘मजकूर टिकला का?’ आणि दुसऱ्यात ‘चिठ्ठी टिकली का?’ असे लिहावे. पहिला रकाना सर्वत्र ‘होय’ येईल. दुसऱ्या रकान्यात ‘होय’ फक्त दोनदा यावा, ‘-ए’सह नक्कल आणि पर्यायासह टार यांपुढे, टारच्या बाबतीत गठ्ठा सोडतानाही पर्याय दिलेला असेल तरच. बाकी चार ठिकाणी ‘नाही’ येईल. हा तक्ताच या पाठाचा गाभा होय.

(५) शेवटी चर्चा घ्यावी. कोणत्या मार्गाने चिठ्ठी गेली हे साधनाने सांगितले का? सांगितले नसेल तर ते आपल्याला कोणत्या टप्प्यावर कळले असते?

या प्रात्यक्षिकासाठी खर्चिक सामग्री लागत नाही. जुना संगणक, मुक्त लिनक्स प्रणाली आणि एक पेन ड्राइव्ह एवढे पुरते. पुढे स्कॅनिंग, नोंदणी वा संगणकचालक म्हणून काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला, पर्याय पाठ असण्यापेक्षा काम झाल्यावर तपासण्याची सवय अधिक उपयोगी पडेल.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. विस्तारित गुणधर्म ही आता जवळपास सर्व प्रणालींवर असलेली सोय आहे. परंतु ती सांभाळण्याची जबाबदारी साधनांनी अर्धवटच स्वीकारलेली आहे. पर्याय दिला नाही तर बहुतेक साधने चिठ्ठी मागे टाकतात, आणि बऱ्याचदा न सांगता टाकतात. नेहमीच्या तपासणीत हे नुकसान दिसत नाही. सर्व साधनांनी सर्व गुणधर्म न्यावेत ही मागणीही बरोबर नाही, कारण रूपांतर व जोडणी यांत जुनी चिठ्ठी खोटी ठरू शकते. म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तीन सवयी लावाव्यात: पर्याय स्पष्टपणे देणे, नकलेनंतर गुणधर्म मोजून पाहणे आणि संग्रहासोबत साध्या मजकुरातील नोंदवही ठेवणे.

सीमाभागात या विषयाला विशेष महत्त्व आहे. येथील एखाद्या जुन्या कागदाची लिपी ओळखणारे, तो कोणत्या गावचा व कोणत्या कुटुंबाकडचा हे सांगू शकणारे लोक आता थोडे उरले आहेत. त्यांनी सांगितलेली माहिती एकदा चिठ्ठीवर उतरली आणि पेन ड्राइव्हवर हलवताना हरवली, तर कागदाचे चित्र शिल्लक राहील, पण पुन्हा विचारायला ती माणसे असतीलच असे नाही.